सदस्य क्रमांक ४४७१ यांस

वर्गीस चाको,
आपली ओळख नाही.
तरी दिब्ब्याच्या त्या खोलीत तीन दिवस
तुमच्या नावावर मिळालेल्या टॉवेलांनी आम्ही अंग पुसलं,
म्हणून चार ओळी.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सदस्य तुमचे कोण?
मधूनं पढवल्याप्रमाणे सांगितलं, काका.
ती हसली. काका बरे आहेत ना?
बरे आहेत, म्हणाला हा,
आणि लिफ्टमध्ये माझ्याकडे बघेना.
तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, हे
तुमच्या जावयानंच सांगितलं होतं फोनवर,
पैसे जमा झाल्यावर.

आमचेही पॉइंट आहेत, काका.
शारजाच्या मॉलमध्ये एका संध्याकाळी
फुकट जेवण आणि चाकांच्या बॅगेपायी
नव्वद मिनिटं बसलो. उठलो तेव्हा
पस्तीस वर्षांचे मालक होतो,
कशाचे, ते गाडीत बसल्यावरही नीट सांगता येईना.
बॅगेचं चाक पहिल्याच विमानतळावर निखळलं.
हप्ते फिटले. देखभालीचं बिल मात्र
दर मार्चला येतं,
वाढत्या वयाच्या मुलासारखं, थोडं उंच होऊन.

अकरा महिने आधी, रात्री बाराला खिडकी उघडते.
मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणून बसते.
गेल्या खेपेला चार सेकंद.
चार सेकंदांत अख्खी ईद संपली होती.
डिसेंबर नाही. फेब्रुवारीतला एक मंगळवार, तोही नाही.
ऑगस्ट आहे, हवा तेवढा,
शेहेचाळीस अंशांत उकडून.

आणि सकाळी तीच खोली, तोच आठवडा
तुमच्या जावयाच्या यादीत, दिरहमांत,
खाली लाल अक्षरांत: थोड्याच शिल्लक.
साठ खाती आहेत म्हणे त्याच्याकडे.
बायकोचं, मेव्हण्यांची, ड्रायव्हरचं,
तुमचं.
एकही नियम मोडलेला नाही, असं तो
फार शांतपणे सांगतो. खरंही असेल.

आमच्या फलटणला रॉकेलच्या रांगेत
आई पहाटे दगड ठेवून यायची.
ओळख पटावी म्हणून त्याला जुन्या परकराची चिंधी.
गाडा येईपर्यंत तो दगड म्हणजे आईच.
कुणी पाय लावत नसे.
एकदा भोइट्यांच्या शकूनं दोन ठेवले,
तर बायकांनी दुसरा उचलला
आणि नेऊन ठेवला तिच्याच ओट्यावर.
भांडण नाही, काही नाही.
शकू आठवडाभर त्याच्यावर पापड वाळवायचं फडकं दाबत होती.

इथे कुणी उचलायचा, काका?
कुणाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा?
यंत्राला साठ दगड म्हणजे
साठ माणसं, वेळेवर आलेली.

समुद्र मात्र चांगला होता, ते सांगायला हवं.
धाकटी पहिल्यांदा न रडता पाण्यात गेली.
रात्री गॅलरीत बसले तेव्हा
एकदा वाटलं, तुम्हीही इथे बसला असाल.
मग वाटलं, बहुतेक नसालच.
तुम्हालाही मिळाला असेल ऑगस्ट.

परतताना डोंगरात मधू म्हणाला,
आपले पॉइंट एकतीसला बुडणार.
जावई घेतो म्हणतोय.
बिल भरेल, वर थोडे हातात.
मी नाही म्हटलं.
मसाफीपर्यंत नाहीच म्हणत होते.
धैद मागे पडल्यावर विचारलं,
थोडे म्हणजे किती?

फॉर्म आलाय. नाव छापूनच आलंय त्यावर,
वैजयंती मधुसूदन शेंडगे.
सही केलेली नाही.
पेन सापडत नाही, असं मधूला सांगितलंय.

पुढच्या ईदला कुणीतरी त्या काउंटरवर उभं राहील,
पढवल्याप्रमाणे म्हणेल, मावशी.
ती मुलगी हसून विचारेल,
मावशी बरी आहे ना?

काका, तुम्हाला अनुभव आहे.
त्यांनी काय सांगावं?